सवय लागते, नेम धरावा लागतो



आपण बोलताना सवय 'लागते' असे म्हणतो. भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, तशीच सवय लागते. तिच्यासाठी मुद्दाम काही करावे लागत नाही. नेम मात्र 'धरावा' लागतो. चालताना थोरल्याचे बोट धरावे तसा. हात सैल पडला की सुटला. खरे पाहता दोन्हींत गोष्ट तीच आहे. रोज ठरल्या वेळी ठरलेले काम करायचे. मग एक आपोआप चिकटते आणि दुसऱ्यासाठी मूठ आवळावी लागते, असे का व्हावे? आणि एकाच्या जागी दुसरे बसवता येते का? मार्गशीर्ष जवळ आला की दरवर्षी माझ्या डोक्यात हा विषय घोळतो. यंदा अंकासाठी लिहायला सांगितले, म्हणून मांडतो आहे.

मार्गशीर्ष म्हणण्याचे कारण सप्ताह. शुद्ध अष्टमी-नवमीच्या सुमाराला श्रीगुरुचरित्राची पारायणे बसतात. बसणाऱ्यांमध्ये दिवसाला दहा वेळा तंबाखू मळणारे असतात, चहावाचून डोळे न उघडणारे असतात, तोंडाने फटकळ असतात. सात दिवस या सगळ्यांचे सगळे बंद. आणि कुणाला फारसा त्रासही होत नाही, हे विशेष. पौर्णिमेला संध्याकाळी जन्मकाळ होतो, पाळणा होतो, सुंठवडा वाटतात. दुसऱ्या दिवशी महाप्रसाद झाला, हात धुतले, की चपलांच्या स्टँडपाशीच चंची बाहेर निघते! मी कुणाला हसत नाही. मला त्या आठव्या दिवसाचे कोडे पडते. जो माणूस सात दिवस सहज राहिला, तो आठव्या दिवशी दोन तासही का राहू शकत नाही?

कुणी म्हणेल, ती महाराजांची कृपा, सप्ताहापुरती मिळते. कृपा आहेच. पण कृपा कशातून काम करते तेही बघावे. त्या सात दिवसांत पहाटे उठायचे, स्नान, सोवळे, आसन, मग तीन-चार तास वाचन. दुपारी हविष्यान्न, तेही एकदाच. संध्याकाळी आरती. रात्री चटईवर डाव्या कुशीवर निजायचे. तंबाखूची जी जी वेळ, त्या त्या वेळी दुसरे कुणीतरी आधीच येऊन बसलेले असते. तंबाखूला बसायला जागाच नसते. आठव्या दिवशी पहाट उठून गेली, आसन गेले, पोथी रुमालात गेली. सगळ्या जागा एकदम रिकाम्या झाल्या. जुना भाडेकरू दारातच उभा होता, तो आत आला.

बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे मला या बाबतीत एक गोष्ट नेहमी आठवते. एखाद्याच्या बदलीचा हुकूम आला, तरी त्याला लगेच सोडत नसत. त्याच्या जागेवर येणारा माणूस हजर व्हायचा, रोख मोजून घ्यायचा, किल्ल्या आणि शिक्के ताब्यात घ्यायचा, चार्ज बुकात सही करायचा, मगच जुना माणूस मोकळा. बदली झालेले लोक रोज विचारायचे, "रिलीव्हर आला का हो?" आला नाही, तर महिना महिना तिथेच. काउंटर तर बंद ठेवता येत नाही. आपण आपल्या सवयींना बदलीचे हुकूम भरपूर काढतो. एक जानेवारीला काढतो, गुढीपाडव्याला काढतो, गुरुपौर्णिमेला काढतो. रिलीव्हर मात्र पाठवत नाही. मग सवय त्याच खुर्चीत बसून राहते, आणि काउंटर चालू ठेवायचे म्हणून आपणच तिला म्हणतो, बाई, उद्याही ये.

यावर पुष्कळ लोक म्हणतात की मनाचा निग्रह पाहिजे. निग्रह पाहिजेच, पण निग्रहाची एक गंमत आहे. 'तंबाखू नको, तंबाखू नको' असे दिवसभर मनाला बजावणारा माणूस दिवसभर कुणाचा जप करीत असतो? तंबाखूचाच. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतात. नाथमहाराजांनी काशीमध्ये पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतामुळे ते आपल्या घरोघरी पोहोचले. त्यातली शेवटची गुरू कुंभारमाशी. ती अळीला मातीच्या घरात कोंडते आणि ती अळी भीतीने माशीचेच ध्यान करीत शेवटी माशी होते, असा तो दृष्टांत. (अळी खरोखर माशी होत नाही. माशी ती आपल्या पिल्लांच्या खाद्यासाठी आणून ठेवते, असे आजचे शास्त्र सांगते. दृष्टांताला त्याने बाध येत नाही.) यात माझ्यासारख्याला महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की अळी प्रेमाने ध्यान करीत नाही, भीतीने करते. तरी परिणाम तोच. म्हणजे आपण ज्या वस्तूला घाबरून दूर ठेवतो, तिचाही आकार मन घेते.

आता एक घरातली गोष्ट सांगतो. माझी आई मशेरी लावायची. आमच्या भागात त्या काळी घरोघरी बायका लावत. निपाणीचा तंबाखू आणायचा, तव्यावर काळा होईपर्यंत भाजायचा, कुटून डबीत भरायचा. भाजायच्या दिवशी सगळे घर खोकत असे. सकाळचे डबे झाले, वडील कामाला गेले, आम्ही भावंडे बाहेर पडलो, की आई मागच्या दाराच्या पायरीवर बसायची आणि बोटाने मशेरी लावायची. पंधरा-वीस मिनिटे. मग उठून चूळ भरायची आणि धुण्याला लागायची.

मी बँकेत लागलो त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९८४ साली, तिच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की हे थांबले नाही तर पुढे कॅन्सरची भीती आहे. घरी आल्या आल्या वडिलांनी डबी परसात भिरकावली. आईने दत्ताची शपथ घेतली. अकरा दिवस तिने पाळली. त्या अकरा दिवसांत घरातल्या भांड्यांचे आवाज रस्त्यावर ऐकू जात. बाराव्या दिवशी शेजारच्या काकूंकडून चिमूटभर आणली. शपथ मोडली म्हणून रडली आणि रडता रडता लावली. वडील चिडले. पुन्हा डबी फेकली, पुन्हा आली. असे दोन-तीन महिने चालले. तिच्यात श्रद्धा कमी होती असे कुणी म्हणू नये. गुरुवार तिने कधी चुकवला नाही.

मग मावशी राहायला आली. मावशी चौथी शिकलेली. वर्षाआड गाणगापूरला जायची. तिने आईला सोड म्हणून सांगितलेच नाही. पायरीवर शेजारी बसून विचारलं, "अक्का, हे लावतीस तेव्हा नेमकं काय बरं वाटतं गं तुला?"

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तोंडात ही असली की कुणी हाक मारत नाही."

मी ओसरीवर होतो, मला ऐकू आलं. आमचं नऊ माणसांचं घर. आजी अंथरुणाला खिळलेली, काकांचे आजारपण, आम्ही चार भावंडं. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत 'अगं' आणि 'आई' आणि 'वहिनी' यांना खंड नव्हता. पण मशेरी तोंडात असताना बाईला बोलता येत नाही, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक. आजीसुद्धा थांबायची. दिवसातली तेवढी वीस मिनिटं काय ती आईची होती. वडील जी डबी परसात फेकत होते, तिच्यात तंबाखूबरोबर आईचे हे एवढेसे मौनही होते.

मावशीने दुसऱ्या दिवशी बाजारातून कापूस आणला. म्हणाली, "वाती वळ. हीच पायरी, हीच वेळ. मंदिराला लक्ष वातींचा नेम बोल. आणि वाती वळताना तोंड उघडायचं नाही, असा नियम धर." मग आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं, "नेम तिचा आहे, पण निम्मा तुम्ही पाळायचाय. ती पायरीवर बसली की घर पेटलं तरी हाक मारायची नाही."

लक्ष वाती म्हणजे काय, ते मी हिशेबी माणूस म्हणून तेव्हाच मांडून पाहिले. रोज पन्नास वळल्या तर दोन हजार दिवस. साडेपाच वर्षे. मावशीने एवढा मोठा आकडा मुद्दामच सांगितला असावा असे मला वाटते. सोडण्याला मुदत नसते. 'कायमचे सोड' म्हटले की पुढचे सगळे आयुष्य एकदम अंगावर येते. वातींना आजच्या पन्नास एवढीच मुदत.

एका रात्रीत काही झाले नाही. जीभही आपले मागणे मागतेच. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती सुरुवातीला लवंग धरायची. दिवाळीच्या गडबडीत पायरी चुकली आणि मशेरी परत आली. बहिणीच्या लग्नात तर आठवडाभर होती. पण दर वेळी परत यायला कापूस आणि पायरी जागेवर होती. वर्ष उलटले तशी डबी कुठे आहे हेच घरात कुणाला आठवेना. चट्टा हळूहळू फिकट झाला, डॉक्टर तरी दर सहा महिन्यांनी बघत राहिले. आणि एक सांगायला हवे, की सगळ्यांत अवघड नेम वडिलांचा होता. घरात शिरले की हाक मारायची त्यांची पद्धत. दारात येऊन "अगं" म्हणायला तोंड उघडायचं आणि पायरीकडे बघून मिटायचं. तोवर त्यांनी स्वतःच्या हाताने कधी पाणी घेतले नव्हते.

मला तेव्हापासून वाटत आले आहे की बहुतेक वाईट सवयी घरात काहीतरी प्रामाणिक काम करीत असतात. काम चांगले, नोकर वाईट. नोकराला हाकलायचे तर आधी ते काम कोणते हे विचारावे. बँकेच्या खाली चहाच्या गाडीपाशी चार वाजता विडी-सिगारेट ओढणारे जे घोळके असत, त्यांतल्या निम्म्यांना धुरापेक्षा घोळका हवा असे. घोळका सोडवून त्याला एकट्याला जपमाळ दिली, तर तो माळ खुंटीला लावून गाडीपाशी परत जाणार. त्याला चारच्या चार मित्रांसकट चालायला न्यावे लागेल. सरकारचेही तसेच. २०१२ साली राज्यात गुटख्यावर बंदी आली. थोड्याच दिवसांत टपरीवर सुपारीची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी, अशा वेगळ्या मिळू लागल्या, आणि गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करू लागले. बंदी चुकीची होती असे माझे म्हणणे नाही. बंदी वस्तूवर घालता येते, भुकेवर घालता येत नाही, एवढेच.

इथे एक खुलासा करतो, कारण आपल्या वाचकांत अशी घरे असतात. रोज भरपूर दारू पिणाऱ्या माणसाने नेम म्हणून एकदम बंद करू नये. हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकते. तिथे डॉक्टर आधी आणि पोथी बरोबरीने. डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. अशा ठिकाणी घेऊन जाण्यात देवाचा काही अपमान होत नाही.

मघाच्या चोवीस गुरूंमध्ये पिंगला आहे. गिऱ्हाइकाची वाट बघत ती मध्यरात्रीपर्यंत आत-बाहेर करीत राहिली, शेवटी आशा सोडली आणि सुखाने झोपली. कीर्तनात आपण एवढेच ऐकतो, आशा सोडली की सुख. पण भागवतात ती आशा सोडून नुसती पडून राहत नाही. हृदयात कायम जवळ असलेल्या परमेश्वराला सोडून मी कुणाची वाट बघत बसले, असे म्हणून ती त्याच्याकडे वळते. तिचे प्रेम तेच राहिले. त्याचे दार बदलले.

इथपर्यंत सोपे होते. आता अडचणीचे.

सगळ्याच सवयींच्या पोटात आईच्या मौनासारखी निष्पाप भूक नसते. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पूर्वी रोज रमी खेळत. पैसे फारसे लावत नसत, पण हरले की घरी जेवत नसत. निवृत्तीनंतर त्यांनी पत्ते सोडले, याचे सगळ्यांना कौतुक वाटले. मग ते एका मंदिराच्या समितीत गेले. पालखीचा मार्ग, मांडवाचा ठेका, माईक कुणाच्या हातात, प्रत्येक गोष्टीत त्यांना डाव जिंकायचा असतो. हरले की अजूनही जेवत नाहीत, असे वहिनी सांगतात. पत्ते गेले आणि त्यांच्या जागी देवाची पालखी आली. खेळ तोच चालू आहे, फक्त आता त्याला कुणी वाईट म्हणू शकत नाही. मोबाइलचेही तसेच पाहतो. रात्री दहापर्यंत नको ते व्हिडिओ बघणारे आमचे समवयस्क आता दत्ताची चित्रे बघतात आणि 'अकरा जणांना पाठवा' म्हणून पुढे ढकलतात. अंगठा तसाच फिरतो आहे. चित्र बदलले.

म्हणून मला वाटते की आधी भूक ओळखावी. विश्रांतीची, सोबतीची, शांततेची भूक असेल, तर तिला चांगले अन्न द्यावे, ती वाढवावी सुद्धा. पण जिंकण्याची, मोठेपणाची, दुसऱ्याला खाली बघायला लावण्याची भूक असेल, तर तिला पवित्र अन्न देऊ नये. ती त्याच्यावर दुप्पट पोसते. तिथे बदली चालत नाही. तिथे उलट दिशेचे काही हातून घडवावे लागते. पतंजलींनी याला प्रतिपक्षभावना म्हटले आहे. आपल्या दत्तसंप्रदायाने त्याच्यापुढे जाऊन ती हातापायांना शिकवली. गाणगापुरात माध्यान्ही पाच घरी माधुकरी मागतात. लखपती असो की कारकून, झोळी पुढे करून दारात उभे राहायचे. 'मी नम्र होईन' असा संकल्प शंभरदा केला तरी मनाच्या मनात राहतो. पसरलेला हात मनात राहत नाही.

तेच समितीतले गृहस्थ दोन वर्षांपूर्वी आमच्याबरोबर गाणगापूरला आले होते. पहिल्या घरासमोर उभे राहिले, तोंडातून शब्द फुटेना. उन्हात तसेच उभे. दुसरे घर आम्हीच मागितले, ते मागे. तिसऱ्या घरात एका म्हातारबाईने त्यांनी काही म्हणायच्या आतच अर्धी भाकरी झोळीत घातली आणि "या हं महाराज" म्हणाली. ते परत येईपर्यंत बोलले नाहीत. आता एकदम बदलले म्हणाल, तर नाही. मागच्या सभेतही आवाज चढलाच होता. पण गेल्या दत्तजयंतीला महाप्रसादाच्या दिवशी ते माईकपाशी नव्हते. मागे नळावर पातेली घासत बसले होते. यंदाही बसतात का, ते पाहू.

शेवटचा एक आक्षेप राहिला. तरुण मंडळी मला विचारतात, काका, सवय म्हणून केलेल्या जपाला अर्थ काय? मन ठिकाणावर नाही आणि माळ चालली आहे, ते तर यंत्रही करील. प्रश्न रास्त आहे. आमच्या कॅशिअरची बोटे नोटा मोजत आणि तोंड कुणाशी तरी बोलत असे, तरी शंभरात एक नोट कमी निघाली की बोटे थांबत. सवयीला तिची स्वतःची एक जाग असते, एवढे मी काउंटरवर पाहिले आहे. पण याचे माझ्याजवळ दुसरे उत्तर आहे, आणि ते आमच्या मंदिरात रोज संध्याकाळी पाहायला मिळते.

एक आजोबा येतात. वय नव्वदीच्या घरात. चाळीस वर्षे त्यांनी संध्याकाळची करुणात्रिपदी चुकवली नाही. आता त्यांची स्मरणशक्ती गेली आहे. मुलाला ते 'आपण कोण' असे आदराने विचारतात. जेवलो की नाही, हे आठवत नाही. पण सात वाजायला आले की ते अंथरुणावरून उठून टोपी शोधू लागतात. कुठे जायचे आहे ते त्यांना सांगता येत नाही. सून हात धरून घेऊन येते. ते खांबाला टेकून बसतात. थोरल्या स्वामीमहाराजांची ती पदे सुरू झाली की आजोबांचे ओठ हलू लागतात, शब्दाला शब्द बरोबर, कुठेही अडखळत नाहीत. तेवढा वेळ सून थोडी बाजूला, भिंतीशी बसते आणि डोळे मिटते. आम्ही कुणी तिला हाक मारत नाही.